उल्हासकाठचें मौन

इतिहास हा साक्षीपुराव्याचा विषय आहे, असें आम्ही वर्गांत मुलांना शिकवितों. शिलालेख, ताम्रपट, दफ्तरें, नाणीं यांपैकीं कांहीं तरी हातीं असल्याशिवाय बोलूं नये, हा त्या शास्त्राचा पहिला दंडक. आणि तो योग्यच आहे. परंतु या दंडकाचा एक परिणाम असा होतो कीं, जें बोललें तेवढेंच इतिहासांत येतें, आणि जें मुकें राहिलें तें जणूं घडलेंच नाहीं असें होऊन बसतें. अंबरनाथच्या शिवालयांतील लेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष आहे. शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आहे. ज्यांनीं तो काळा पाषाण फोडला, वाहिला व घडविला, त्यांच्या घरांत त्या वर्षीं कोण गेलें, कोणाच्या डोळ्यांचें पाणी खळलें नाहीं, हें कोणत्याहि लेखांत नाहीं. मग शोकाचा इतिहास लिहितां येतो काय, आणि येत असेल तर तो कोणत्या साधनांनीं लिहावा, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावीत आहे.

तो सतावण्याचें कारण दूरचें नाहीं. तें माझ्या रोजच्या वाटेवरचेंच आहे. मी बेलवलीस राहतों. उल्हास नदीच्या खोऱ्यांतील हें गांव आतां बदलापूर शहराच्या पोटांत गेलें आहे. बदलापुराहून कल्याणकडे आगगाडीनें निघालें कीं पहिलें स्थानक अंबरनाथ व त्यापुढचें उल्हासनगर. म्हणजे अर्ध्या घटकेच्या प्रवासांत मी एका बोलक्या दगडाजवळून एका मुक्या शहराकडे जातों. उल्हासनगराला मुकें म्हटलेलें पाहून वाचक हंसतील. शिवणयंत्रांची घरघर, कापडाचा व लांकडी सामानाचा बाजार, हातगाड्या, गिऱ्हाइकांची झुंबड. एवढें गजबजलेलें गांव या परिसरांत दुसरें कोणतें? परंतु गजबज आणि बोलणें या दोन वस्तु एक नव्हेत. कधीं कधीं माणूस हातांना उसंत मिळूं देत नाहीं तो तोंड उघडावें लागूं नये म्हणूनच.

थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें कल्याणजवळ लष्कराची एक मोठी छावणी उभारली. सुमारे ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर माणसें यांच्या निवाऱ्यासाठीं तेथें २,१२६ बराकी बांधल्या होत्या. युद्ध संपलें व छावणी ओस पडली. पुढें १९४७ सालीं देशाची फाळणी झाली. सिंधमध्यें आरंभींचे कांहीं महिने तुलनेनें शांततेचे गेले. परंतु ६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत दंगल उसळली, आणि मग हिंदु सिंध्यांचा लोंढा आगबोटींनीं मुंबईकडे व काठेवाडच्या बंदरांकडे आणि आगगाड्यांनीं मारवाडकडे निघाला. त्यांतील सुमारे ९४,४०० माणसें कल्याणच्या या ओसाड छावणींत आणून ठेवण्यांत आलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें येथें नव्या नगराची कोनशिला बसविण्यांत आली, आणि जवळून वाहणाऱ्या नदीवरून त्याला उल्हासनगर हें नांव मिळालें. ज्यांच्या आयुष्यांतून उल्हास हा शब्दच पुसला गेला होता, त्यांच्या वस्तीला हें नांव लाभावें, हा योगायोगच म्हणावयाचा.

बराकी म्हणजे मधोमध एक लांबच लांब दालन व दोन्ही टोकांस खोल्या. त्या दालनांत गोणपाटाचे किंवा जुन्या लुगड्यांचे पडदे बांधून एकेक कुटुंब राहूं लागलें. या पडद्याचा विचार आपण करीत नाहीं. ज्या घराला भिंत आहे त्या घरांतील बाईला रात्रीं हुंदका देतां येतो. जेथें पडद्यापलीकडे दुसरी बाई तसलेंच दुःख उशाशीं घेऊन निजली आहे, तेथें हुंदका देण्याचीहि चोरी. आपण रडलों तर तीहि रडूं लागेल, मुलें जागीं होतील, आणि सकाळीं पाण्याच्या रांगेंत उभें राहण्याचें बळ कोणाच्याच अंगीं उरणार नाहीं, हें प्रत्येकीला कळत होतें. या शहराचें मौन प्रथम तेथें, त्या पडद्यांच्या दोन्ही अंगांना, जन्मलें असावें असें मला वाटतें.

शिवाय सिंध्यांच्या दुःखाची एक जात निराळी होती. पंजाब व बंगाल हे प्रांत तुटले, परंतु त्यांचा एकेक तुकडा हिंदुस्थानांत राहिला. लाहोर गमावलेल्याला अमृतसर होतें, ढाका गमावलेल्याला कलकत्ता होतें. तेथें त्याची भाषा रस्त्यावर ऐकूं येत होती. सिंध मात्र आख्खा गेला. येथें आलेल्या सिंध्याला स्वतःचा म्हणावा असा जिल्हा नव्हता, कीं तालुका नव्हता. त्याच्यापाशीं भाषा उरली होती. पण त्या भाषेला उभें राहावयास जमीन नव्हती. १० एप्रिल १९६७ रोजीं सिंधी भाषेचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टांत झाला, म्हणजे फाळणीनंतर जवळजवळ वीस वर्षांनीं. तोंवर एक पिढी शाळा संपवून दुकानावर बसली होती.

या लोकांनीं भीक मागितली नाहीं, कष्टानें धंदे उभारले, अशी त्यांची स्तुति आपण नेहमीं करतों. ती खरीच आहे. परंतु तेवढीच केली तर ती त्यांच्यावर अन्यायाची होते. पोट भरल्यावर मन बोलूं लागतें असा क्रम येथें दिसत नाहीं. पोट अर्धें रिकामें असतांनाच या माणसांनीं शाळा काढल्या, महाविद्यालयें काढलीं. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजांतील कांहीं प्राध्यापकांनीं मुंबईस येऊन १९४८ सालींच जयहिंद कॉलेज सुरू केलें. सिंधमधील हैदराबादेच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य कुंदनानी यांनीं बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्या साहाय्यानें १९४९ सालीं वांद्र्याला त्याच नांवाचें कॉलेज उभें केलें. ज्या शिक्षकाला स्वतःच्या घराचा पत्ता सांगतां येत नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या मुलाला शिकवावयास बसावें, ही गोष्ट मला कोणत्याहि कारखान्याच्या कोनशिलेहून मोठी वाटते. माझा व्यवसाय तोच असल्यामुळें ती थोडी अधिक वाटत असेल, तर वाचकांनीं क्षमा करावी.

मात्र शाळेंत शोक बोलतां येत नाहीं. त्याला गाणें लागतें. सिंधमध्यें 'भगत' नांवाचा एक लोकप्रकार आहे. पायांत घुंगरू बांधून, नाचत, गात, मधूनमधून कथा सांगत भगत रात्रभर लोकांना खिळवून ठेवतो. आपल्याकडील कीर्तनकार व गोंधळी यांची एकत्र कल्पना केली म्हणजे वाचकांच्या ध्यानांत येईल. या कलेंतील सर्वांत मोठें नांव भगत कंवरराम यांचें. सक्कर जिल्ह्यांतील जरवार येथें १८८५ सालीं त्यांचा जन्म झाला. मिळालेला पैसा ते गोरगरीब, आंधळे व अपंग यांत वांटून टाकीत. १ नोव्हेंबर १९३९ रोजीं रुक स्थानकावर आगगाडींत गोळ्या घालून त्यांचा खून करण्यांत आला. सिंधच्या पुढील दुर्दैवाची ती पहिली घंटा होती, असें जुनीं माणसें म्हणत.

त्यांच्याविषयीं सिंधी घरांतून सांगितली जाणारी एक आख्यायिका अशी. एका रात्रीं कार्यक्रम चालू असतां एक बाई आपलें तान्हें मूल कपड्यांत गुंडाळून घेऊन आली, तें भगताच्या हातीं दिलें व याला अंगाई गा म्हणून विनवूं लागली. मूल मेलेलें होतें. हें हातीं घेतांच त्यांना उमगलें. परंतु ते त्या बाईला कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं डोळे मिटले, व सगळ्या सभेसमोर, त्या मेलेल्या मुलाला छातीशीं धरून, ते अंगाई गाऊं लागले. आख्यायिका म्हणते कीं मूल रडूं लागलें. इतिहासाचा अध्यापक या नात्यानें शेवटच्या वाक्यावर मला कांहीं म्हणतां येत नाहीं. पण त्याआधींच्या भागावर बरेंच कांहीं म्हणतां येईल. ज्या समाजानें ही गोष्ट जपून ठेवली, त्याला शोकाची एक गोम बरोबर कळली होती. त्या आईला सांत्वन नको होतें, उपदेश नको होता. आपलें मूल कोणी तरी हातांत घ्यावें एवढेंच तिला हवें होतें.

भारतांत साहित्य अकादमीचें सिंधी भाषेसाठींचें पहिलें पारितोषिक १९५९ सालीं दिलें गेलें, तें तीरथ बसंत यांच्या 'कंवर' या चरित्राला, म्हणजे याच भगताच्या चरित्राला. निर्वासितांच्या भाषेचा पहिला सन्मान एका मारल्या गेलेल्या गायकाच्या आठवणीस मिळाला, याला केवळ योगायोग म्हणावयास माझें मन घेत नाहीं.

मुंबईंत प्राध्यापक राम पंजवाणी यांनीं जें केलें तेंहि याच जातीचें. ते विद्वान होते, लेखक होते. पण लोकांना ते आठवतात ते मातीचा घडा वाजवून गाणारे म्हणून. पेटी-तबला मागें राहिला असेल, घडा कोठल्याहि कुंभाराकडे मिळतो. ठिकठिकाणच्या वस्त्यांतून हिंडून त्यांनीं झुलेलालचा उत्सव व चेटीचंडाचा सण पुन्हां जागा केला. झुलेलाल हा जलदेवतेचा अवतार. ठट्ट्याच्या मिर्खशाहाच्या जाचाला कंटाळून लोकांनीं सिंधुनदीच्या कांठीं चाळीस दिवस व्रत केलें व तेव्हां तो प्रकट झाला, अशी कथा आहे. तें चाळीस दिवसांचें व्रत आजहि उल्हासनगरांत पाळलें जातें. नदी मागें राहिली. पण पाण्याला हात जोडण्याची संवय बरोबर आली. मग सिंधूच्या ठिकाणीं जें पाणी जवळ असेल तें चाललें. आपण 'गंगे च यमुने' म्हणत विहिरीवर स्नान करणारीं माणसें. आपल्याला यांत नवल वाटूं नये.

सिंधचा महाकवि शाह अब्दुल लतीफ (१६८९–१७५२) यानें आपल्या 'रिसालो' या ग्रंथांतील कितीतरी अध्याय दुःखी स्त्रियांच्या मुखीं घातले आहेत. त्यांतील मारुई ही मलीर प्रदेशांतील धनगरकुळांतली मुलगी. उमरकोटच्या उमर राजानें तिला पळवून नेऊन वाड्यांत कोंडलें. ती रेशीम नाकारते, अंगावरची जाडीभरडी लोकर सोडीत नाहीं, व आपल्या माळरानाची आठवण काढीत राहते. सिंध सोडून आलेल्या माणसांना हें आख्यान आपलेंच वाटलें असल्यास नवल नाहीं. पण शाह लतीफ स्वतः स्त्री नव्हता, कैदेंत नव्हता, परदेशांत नव्हता. त्यानें मारुईचें दुःख ऐकलें व तें आपलें केलें.

येथें मला आपल्याकडील एका अतिप्राचीन कथेची आठवण होते. वाल्मीकीच्या तोंडून पहिला श्लोक निघाला तो शोकांतून, हें सर्वांस ठाऊक आहे. आणि भवभूतीनें करुण हाच एक रस मानला, हेंहि पंडितांस ठाऊक आहे. पण त्या कथेंतील एक गोष्ट आपण बहुधा डोळ्याआड करतों. तो शोक वाल्मीकीचा नव्हता. बाण लागला क्रौंचाला, आक्रोश केला क्रौंचीनें. श्लोक मात्र सुचला वाटेवरून जाणाऱ्या ऋषीला. दुःख भोगणारा बोलत नाहीं. तो मुका होतो किंवा आक्रंदतो. त्या आक्रंदनाचें काव्य होतें तें कोणी तरी दुसरा थांबून ऐकतो तेव्हां. कंवररामाचें मूल मेलें नव्हतें, शाह लतीफ कोंडला गेला नव्हता. निर्मिति दुःखांतून होते हें अर्धें सत्य आहे; ती ऐकलेल्या दुःखांतून होते, हें पुरें सत्य.

मग प्रश्न असा कीं, या खोऱ्यांत ऐकणारे कोण होते? उत्तर सरळ आहे: आम्ही होतों. बदलापूर, अंबरनाथ, कल्याण येथील मराठी माणसें. आणि आमचा सिंधशीं संबंध १९४८ सालचा नव्हे. १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यांतच होता; एकाच विद्यापीठाच्या परीक्षांना दोन्हीकडचीं मुलें बसत होतीं. सिंधीसाठीं अरबी वळणाची लिपि १८५३ सालीं ठरली. पुढें १८६८ सालीं व्यापारी वर्गांत चालणारी खुदाबादी लिपि सुधारून शाळांसाठीं सिद्ध करण्याचें काम मुंबई सरकारनें ज्यांच्याकडे दिलें, ते शिक्षणखात्याचे अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य होत. नांव ऐकतांच मराठी वाचकास घरचें माणूस भेटल्यासारखें वाटावें. कराचींतील पहिली सरकारी शाळा आजहि त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. परक्या भाषेचे उच्चार कान देऊन ऐकावयाचे व त्यांना अक्षरें शोधून द्यावयाचीं, याहून शेजारधर्माचें मोठें काम कोणतें? त्याच कुळांतले आम्ही. परंतु दारीं आलेल्या सिंध्यांना आम्ही त्यांच्या बोलण्याच्या हेलावरून हंसलों, त्यांच्या मालाच्या नकलीपणावर विनोद केले, आणि त्यांच्याकडून कापड घासाघीस करून घेतलें. कोठून आलां, तेथें कोण होतें, असें विचारलें नाहीं.

याची जाणीव मला एका विद्यार्थिनीनें करून दिली. आजोबांच्या पश्चात् पेटींत सांपडलेली एक वही घेऊन ती माझ्याकडे आली. वही अरबी लिपींत होती. घरांत ती वाचूं शकेल असें कोणी उरलें नव्हतें, आणि इतिहासाच्या प्राध्यापकाला ती वाचतां येईल असा तिचा भोळा समज होता. मला अर्थातच आली नाहीं. शेवटीं उल्हासनगरांतील एका वृद्ध दुकानदारांनीं ती आम्हांला वाचून दाखविली. ती कविता नव्हती, रोजनिशी नव्हती. मागें सोडलेल्या मालमत्तेबद्दल सरकारकडे मागणी नोंदविण्यासाठीं निर्वासितांना जी यादी करावी लागे, तिचा तो कच्चा मसुदा होता. खोल्या चार, दारें इतकीं, खिडक्या इतक्या, माडीचा जिना लांकडी. वाचतां वाचतां ते एका ओळीशीं अडखळले. तेथें शेजाऱ्याच्या विहिरीची नोंद होती, व पुढें लिहिलें होतें कीं ही आपली नव्हे, परंतु पाणी गोड होतें. ओळ नंतर खोडलेली होती. सरकारी कागदांत ती काय कामाची?

वृद्ध गृहस्थ कांहीं वेळ स्तब्ध राहिले. मग त्यांनीं दुकानावरच्या मुलाला गिऱ्हाईक पाहावयास सांगितलें व ते आपल्या गांवच्या विहिरीविषयीं बोलूं लागले. दीड तास बोलत होते. त्यांचा मुलगा, वयानें माझ्याएवढा, गल्ल्यावर बसून ऐकत होता. निघतांना तो मला हळूच म्हणाला, "सर, बाबांकडून हें मीं आज पहिल्यांदा ऐकलें." साठ-सत्तर वर्षें एका छपराखालीं राहून जें बोललें गेलें नाहीं, तें एका अनोळखी मुलीच्या वहीनें बोलविलें. ती खोडलेली ओळ हा माझ्या दृष्टीनें अस्सल ऐतिहासिक पुरावा आहे. शोकाचा इतिहास लिहावयाचा तो अशा खोडलेल्या ओळींवरून.

आणि हा न्याय एकट्या सिंध्यांपुरता नाहीं. ज्या युद्धानें ती छावणी उभारली, त्याच युद्धांत याच परिसरांतील नेवाळी येथें विमानांच्या धांवपट्टीसाठीं शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून जून २०१७ मध्यें तेथील शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हां मुंबईच्या लोकांना हें नांव प्रथम कळलें. सत्तराहून अधिक वर्षें तें दुःखहि पडद्याआडच होतें. ज्याची जमीन गेली तो शेतकरी आणि ज्याचा देश गेला तो निर्वासित, दोघे एकाच बाजारांत एकमेकांना पाठमोरे उभे राहिले; दोघांच्याहि आयांनीं एकच गोष्ट गमावली होती, हें कोणी कोणाला सांगितलें नाहीं.

आपल्या खेड्यांतल्या बायकांपाशीं मात्र यावर एक जुना उपाय होता. पहाटे जात्यावर दोघी बसत. एक ओवी सुरू करी, दुसरी खुंट्याला हात देऊन ती ऐके. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलें लेकरूं, सारें त्या दळणाबरोबर बाहेर येई. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या संग्रहांत त्या ओव्या गोळा केल्या म्हणून पुष्कळशा आपल्याला ठाऊक तरी झाल्या. बेलवलीसारख्या गांवांतून जातीं गेलीं तशा त्याहि गेल्या. जातें एकटीलाहि ओढतां येतें, पण दोघींनीं ओढलें तर हलकें जातें, हें त्या बायका जाणून होत्या. दळण्याच्या बाबतींत जें खरें, तेंच रडण्याच्या बाबतींतहि खरें असावें.

फाळणी डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. जीं आहेत तीं नव्वदीच्या घरांत आहेत. उल्हासनगरचे रहिवासी कथाकार मोहन कल्पना यांना १९८४ सालीं अकादमीचें पारितोषिक मिळालें तें 'उहा शाम', म्हणजे 'ती संध्याकाळ', या कादंबरीसाठीं. पण त्यांच्या दोन स्थानकें पलीकडे राहणाऱ्या आम्हां मराठी वाचकांपैकीं किती जणांना त्यांचें नांव ठाऊक आहे? पेट्यांतून अजून वह्या असतील, त्या वाचणारे डोळे मात्र एकेक करून मिटत आहेत. हें काम एखाद्या विद्यापीठानें किंवा सरकारनें हातीं घ्यावें अशी वाट पाहण्यास वेळ नाहीं, आणि त्याला फार विद्वत्ताहि लागत नाहीं. कापड घेऊन झाल्यावर दुकानांत थोडें थांबावें लागतें, एवढेंच. पुढच्या रविवारीं मी त्या वृद्ध गृहस्थांकडे पुन्हां जाणार आहें. त्या विहिरीच्या कांठीं झाड कोणतें होतें, तें विचारावयाचें राहून गेलें.